अर्थिंगला पाणी

गजाननभाऊंना काचेचं कॅबिनेट पाहिजे होतं. आतून लाल-निळे लाइट फिरणारं. मी त्यांना कधीची समजावत होते की कॅबिनेट म्हणजे नुसता डबा असतो. त्यानं चित्र चांगलं दिसत नाही आणि आवाजही चांगला येत नाही. पण ते मोबाइल माझ्या नाकासमोर धरून बसले होते. त्यातल्या व्हिडिओत एक पोरगा असाच डबा टेबलावर ठेवून त्याच्यावरून हात फिरवत होता.

"ताई, बैठकीत ठेवायचंय. माणसं येतात-जातात. उठून दिसाया पाहिजे का न्हाई?"

"कॉम्प्युटर कोणासाठी घेताय?"

"आबासाठी."

"मग आबांना लाइट पाहिजेत का?"

ते हसले. मला काही हसू आलं नाही.

हिंगोलीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विकते, जोडते, दुरुस्त करते. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या मागं डोकावून बघतं आणि "भाऊ कुठं गेले?" म्हणून विचारतं. भाऊ म्हणजे आमचे मिस्टर. ते शाळेत चित्रकला शिकवतात आणि त्यांना पेन ड्राइव्ह सरळ कधी लावता आलेला नाही. एवढं सांगून झालं की मी कामाचं बोलते. मी रागीट आहे असं बाजारात म्हणतात. बराबर म्हणतात.

गजाननभाऊंचं पुसेगावला खता-बियाण्याचं दुकान आहे. त्यांचे वडील सोपानआबा. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. त्यांचा गळा असा की जत्रेत ढोल वाजायला लागला आणि आबा ओवी म्हणायला उभे राहिले की माणसं जेवणं सोडून यायची. मी ऐकलेलं नाही, हे मला त्यांच्या सूनबाईंनी, संगीतावहिनींनी सांगितलं. मागच्या वर्षी आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, ती निम्मीशिम्मी परत आली. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजतं सगळं, तोंडातून शब्द निघत नाही. नांदेडला स्पीच थेरपीच्या मॅडमनी तपासलं आणि एक गोष्ट सांगितली. अशा माणसाला बोलता येत नसलं तरी गाता येतं पुष्कळदा. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी राहते म्हणे. तर रोज त्यांच्या ओळखीच्या ओव्या लावा, गाणाऱ्याचं तोंड मोठं दिसू द्या, एक ओळ दहादा म्हणवून घ्या. गाण्यातूनच शब्द सुटतील. पण रोज करायचं, खाडा पडू द्यायचा नाही, कारण पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं येतं, पुढं अवघड होत जातं.

म्हणून हा होम थिएटरचा घाट. टीव्ही मोठा होता त्यांच्याकडं. जत्रेतल्या ओव्यांचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर होते. पण टीव्हीत पेन ड्राइव्ह लावला तर व्हिडिओ नुसता पळत सुटतो. तीच ओळ परत, सावकाश, पुन्हा परत, हे काम कॉम्प्युटरच नीट करतो. आणि ते आबांना डाव्या हातानं, एकट्यानं जमलं पाहिजे, कारण दुपारभर घरात कोणी नसतं.

हे सगळं ऐकून मी मन लावून पार्ट काढले. असल्या कामाला फार भारी मशीन लागतच नाही, लोकांना उगीच वाटतं. प्रोसेसर साधाच घ्यायचा, पण ज्याच्या आतच चित्र दाखवायची सोय असते असा. मग वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळं घरघर नाही आणि कॉम्प्युटर पटकन चालू होतो. आठ जीबी रॅम बस झाली. मदरबोर्ड सेकंड हँड चालेल, मी तपासून देते. वाचलेले पैसे कुठं घालायचे, तर एसएमपीएसमध्ये. म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा आतला डबा. तो चांगल्या कंपनीचा पाहिजे. त्याच्या जोडीला छोटा यूपीएस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वायरलेस कीबोर्ड. आबांनी तो मांडीवर घ्यायचा, मशीन टीव्हीच्या मागं लपलेलं, त्याला त्यांचा हातही लागायचं कारण नाही. बसल्या जागी एक बटन दाबलं की चालू, दुसरं दाबलं की तीच ओळ परत. सगळं बजेटमध्ये बसत होतं.

गजाननभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक गोष्ट काढायला लागले. यूपीएस काहून पाहिजे, लाइट गेली की आबा झोपतेत. वायरलेस कीबोर्ड काहून, साधा तुम्ही फुकट देता की. एसएमपीएस त्या काचेच्या कॅबिनेटसोबत येतोच आहे. मी म्हटलं, कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस म्हणजे खेळणं असतं. ते म्हणाले, चालतंय ताई, वॉरंटी हाये ना. असं करत करत मी आबांसाठी काढलेल्या मशीनचं त्यांनी स्वतःच्या बैठकीचं मशीन करून टाकलं. मी तिथंच नाही म्हणायला पाहिजे होतं, असं मिस्टर म्हणतात. पण मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तेच शेजारच्या गल्लीतून घेतलं असतं, आणि ओळ परत म्हणायचं बटन त्याला कोणी करून दिलं नसतं.

जाताना मी दोन गोष्टी बजावल्या. एक, प्लग तीन पिनचा आहे, बोर्डात बसत नाही म्हणून जाड पिन तोडायची नाही. दोन, घरचं अर्थिंग तपासून घ्या, मी येते, बघून देते. त्यांनी हात झटकला.

"हाये की अर्थिंग. सळई गाडेल हाये मागं."

मी घरी येऊन मशीन बसवायचा चार्ज द्यायला माणूस तयार नव्हता. मशीन जीपमध्ये घालून निघून गेला. ही संक्रांतीच्या आसपासची गोष्ट.

पुढचे दोन महिने वहिनींचे फोन येत होते, आणि ते ऐकून माझा राग खरोखर निवळला होता. आबा रोज दुपारी स्वतः उठतात. मशीन चालू करतात, तिथंच उभं राहून ओळ परत परत लावतात. आधी नुसता सूर निघायचा. मग ओवीतला शेवटचा शब्द निघायला लागला. मग एक दिवस अख्खी पहिली ओळ निघाली, आणि वहिनी फोनवर रडल्या. बोलणं अजून नव्हतं, पाणी मागायचं तरी बोटानंच. पण मॅडम म्हणाल्या होत्या, ओळ निघाली की पुढं बोलणं येईल.

मग उन्हं तापली आणि फोन बंद झाले. नंतर एकदम गजाननभाऊंचाच आला.

"ताई, तुमचं मशीन घेऊन जा परत. आबा त्याला काठीनं हाणून राहिले. आन् दुपारचं आपोआप बंद पडून राहिलं. पार्ट हलके टाकले तुमी."

हलके पार्ट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं माझ्या हातातून चांगला एसएमपीएस काढून काचेचा डबा घेतला, तो मला हलके पार्ट टाकले म्हणतो. मी म्हटलं, आत्ता येते. व्होल्ट मोजायच्या मीटरची पिशवी घेतली, दुकानाला कुलूप लावलं आणि स्कूटीवर भर उन्हात पुसेगावला गेले. वाटभर मी त्यांना काय काय सुनवायचं ते मोठ्यानं म्हणत होते. हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू जात नाही, हा एक फायदा.

घर नवीन बांधलेलं, गावाच्या कडेला. दारात चपला काढल्या तर वहिनींनी लगेच रबरी स्लीपरचा जोड पुढं केला. त्यांच्या घरात अशी पद्धत. नवीन फरशी मळू नये म्हणून सगळ्यांना घरातल्या वेगळ्या स्लीपर, पाहुण्यांनाही. फक्त आबा घालत नाहीत. आयुष्यभर रानात वहाणा घालून हिंडले, पण छपराखाली आलं की पाय उघडे. त्यांना आणलेला जोड त्यांनी दोनदा अंगणात फेकून दिला, असं वहिनी सांगत होत्या.

आबा भिंतीला टेकून घोंगडीवर बसलेले. टीव्हीशेजारी ते काचेचं धूड, लाल-निळं फिरतंय. एका बाजूची काच तडकलेली, पत्र्याला पोचा आलेला. साधा कीबोर्ड त्याच्या डोक्यावर ठेवलेला, कारण वायर तेवढीच पुरते. म्हणजे चालू करायचं तर उठून मशीनजवळ जायचं, आणि ओळ परत लावायची तरी तिथंच उभं राहायचं.

मला बघून गजाननभाऊंना जोर चढला. त्यांनी माझ्यादेखत आबांना झापायला सुरुवात केली. तुमच्यासाठी एवढा पैसा घातला, लोक बघून जातेत आन् तुमी काठीनं फोडता. महिना झाला तोंड उघडलं न्हाई, आलेली ओळ बी गेली. येड्यावानी करून राहिले. पुतण्या मशीन मागतोय, त्याला देऊन टाकतो. तिकडं आबा डावा हात वर करून काहीतरी दाखवत होते. आधी बोट दाखवलं. मग वाकून स्वतःच्या तळपायावर थाप मारली. मग परत बोट. तोंडातून नुसतं "ब, ब" येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. भाऊ म्हणाले, बघा, हे असं चाललंय.

मला त्या माणसाचा इतका राग आला की बोलले असते तर कामच राहिलं असतं.

मी मशीनला हात लावला. काही नाही. चालू केलं, चाललं. पाचएक मिनिटांत पंखा मंदावला, ट्यूब फडफडली आणि मशीन आपोआप बंद होऊन परत चालू झालं. म्हणजे व्होल्टेज पडत होतं, आणि तो खेळण्यातला एसएमपीएस तेवढं सोसत नव्हता. तक्रारीतलं निम्मं कळलं. मी मीटर काढत होते, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून बादली घेऊन आल्या आणि मागच्या दाराकडं निघाल्या.

"थांबा ताई, अर्थिंगला पाणी टाकते. मंग बराबर चालतंय."

"काय टाकता?"

"पाणी. रोज टाकतो की संध्याकाळी. सगळे टीव्हीपुढं बसायच्या आधी."

बादली मी त्यांच्या हातातून काढूनच घेतली. मागं गेले. भिंतीला लागून एक लोखंडी सळई जमिनीत ठोकलेली. भोवतीची काळी माती वाळून भेगाळलेली. सळईला दोन तारा पिळून बांधल्या होत्या. एक हिरवी, एक काळी. मी कपाळाला हात लावला.

वाचणाऱ्यांना सोपं करून सांगते. वीज घरात एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. ही परत जाणारी तार, न्यूट्रल, सरळ खांबावर गेली पाहिजे. तिसरी तार अर्थिंगची. तिच्यातून एरवी काहीच वाहायचं नसतं. यंत्रात बिघाड होऊन पत्र्यात करंट उतरला तर तो गुपचूप जमिनीत न्यायचा, एवढंच तिचं काम. ह्या घराची खांबावरची न्यूट्रल सैल झाली होती. लाइट मंद जळायची. तर विजेच्या ऑफिसला तक्रार करून लाइनमन येईपर्यंत कोण थांबणार? गावातल्या वायरमननं काळी तार खांबावरून सोडली आणि अर्थिंगच्या सळईला बांधली. झालं काम. अख्ख्या घराची वीज आता त्या सळईतून जमिनीत परत जात होती. जमीन ओली असेपर्यंत जात होती. जमीन वाळली की तिला जायला जागा नाही, मग ती सळईवरच अडते. आणि त्याच सळईला हिरवी तार, आणि हिरव्या तारेला माझ्या मशीनची ती जाड पिन, जी तोडू नका म्हणून मी बजावलं होतं. माझी तेवढीच एक गोष्ट त्यांनी ऐकली होती. फ्रीजची पिन कधीच तोडलेली, म्हणून फ्रीज चावत नव्हता.

मीटर लावला. मशीनचा पत्रा आणि फरशी ह्यांच्यात नव्वदच्या पुढं व्होल्ट. सळईवर बादली ओतली आणि परत बघितलं, वीसच्या खाली. सगळा हिशेब डोळ्यांपुढं लागला. संध्याकाळी सळई ओली, घरचे सगळे स्लीपरवर, मशीन गरीब गाय. दुपारी सळई कोरडी, घर रिकामं, आणि नुकत्याच पुसलेल्या ओलसर फरशीवर अनवाणी एकटे आबा. लकव्याचा माणूस. रोज ओवी म्हणायला उठायचे, बटनाला बोट लावायचे आणि करंट खायचे. सांगायला तोंडात शब्द नाही. सांगायचे ते बोटानं आणि पायानं सांगत होते, आणि पोटचा पोरगा म्हणत होता, येडे झाले.

मी बैठकीत आले आणि जे हेल्मेटमध्ये बोलले होते ते सगळं बोलले. त्यात नवीनही बरंच घातलं. आबा त्या फरशीवर पडून गेले असते तर तुम्ही हार्ट अटॅक म्हणून दहा दिवस केले असते आणि तेराव्याला मशीन पुतण्याला दिलं असतं, असंसुद्धा बोलले. वहिनी आबांपाशी जाऊन बसल्या. गजाननभाऊ मात्र हटायला तयार नव्हते. सगळा गाव असाच चालवतो म्हणे. आपण रोज हात लावतो म्हणे.

"काय न्हाई होत ताई, हे बघा."

असं म्हणून त्यांनी मशीनच्या पत्र्यावर पंजा ठेवला. पायात स्लीपर. काही झालं नाही. माझ्याकडं बघून मान उडवली.

तेव्हा आबा उठले. भिंतीचा आधार घेत, काठी टेकत मशीनपाशी आले. पोराच्या पायापाशी काठी नेली आणि टोकानं त्याची स्लीपर टोचली. एकदा, दोनदा. मग ती पायाखालून सरकवूनच काढली. दुसरीही काढली. गजाननभाऊंचा पंजा अजून पत्र्यावरच होता. सळई नुकतीच भिजवलेली होती, वीसच्या खाली आलेलं होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही. उघडा पाय बादलीतून सांडलेल्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीला टेकला आणि त्यांनी झटक्यानं हात काढला. मुंग्या आल्यासारखी बोटं चोळायला लागले.

"हे ओलं असतानाचं आहे," मी म्हटलं. "आबांनी याच्या पाचपट खाल्लंय. महिनाभर."

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून पोराच्या तोंडाकडं बघत होते. त्यांचा जबडा हलला, ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या. आणि ओवी नाही, सूर नाही, साधा बोललेला शब्द बाहेर आला.

"कळलं?"

गजाननभाऊ बापाच्या पायाशी बसले आणि हमसून रडायला लागले. मी मेन स्विच पाडला आणि मागं जाऊन उभी राहिले. माझा राग काही गेला नव्हता, पण बघवत नव्हतं.

पुढचं सगळं सरळ आहे. न्यूट्रल खांबावर नीट जोडून मिळेपर्यंत मी घरात लाइट चालू करू दिली नाही. उन्हाळ्यात दोन रात्री अंगणात झोपले सगळे. लाइनमन दोनच दिवसांत आला. तेवढ्यासाठी इतके महिने आबांच्या जिवाशी खेळ चालला होता. मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा वेगळा खड्डा केला, बोर्डात करंट फुटला की आपोआप पडणारा स्विच बसवला. काचेचं कॅबिनेट मी परत घेतलं नाही. आतलं सगळं साध्या डब्यात घातलं, एसएमपीएस बदलला, यूपीएस लावला आणि वायरलेस कीबोर्ड आबांच्या मांडीवर दिला. ते त्याला हात लावेनात. मग मी स्लीपर काढल्या, फरशीवर तांब्याभर पाणी सांडलं, त्यात उभी राहिले आणि त्यांच्यासमोर मशीनवर आधी हाताचा उलटा पंजा, मग सुलटा ठेवला. त्यांनी बराच वेळ माझ्या पायांकडं बघितलं. मग कीबोर्ड घेतला.

आता ते चार-पाच शब्द बोलतात. वहिनी सांगतात, त्यातला निम्मा वेळ गजाननभाऊंना झापण्यात जातो. त्या वायरमनची अजून गावात कामं चालू आहेत. मी त्याला भेटून आले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

होम थिएटरसाठी स्वस्तातले पार्ट विचारायला लोक अजून येतात. प्रोसेसर कोणता, रॅम किती, लाइटवालं कॅबिनेट आहे का. मी आधी विचारते, मशीन चालू कोण करणार? मग विचारते, ते माणूस घरात चप्पल घालतं का? गिऱ्हाईक माझ्या मागं डोकावून भाऊ कुठं दिसतात का बघायला लागतं. बघू दे. उत्तर मिळाल्याशिवाय मी पार्ट काढत नाही.